जुनी चिनी निळी-पांढरी फुलदाणी घ्यायचीय? आधी ती उलटी करून बघा

या नादाला माणूस बहुतेक वेळा बातमी वाचून लागतो. २०२१ मध्ये अमेरिकेत कनेटिकटला कुणीतरी घरगुती सेलमध्ये ३५ डॉलरला घेतलेला छोटा निळा-पांढरा वाडगा १५व्या शतकातला निघाला आणि न्यूयॉर्कच्या लिलावात ७ लाख २१ हजार डॉलरला गेला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये फोंतेनब्लोला दीड-दोन हजार युरोची म्हणून ठेवलेली एक फुलदाणी बोली लागत लागत ७७ लाख युरोपर्यंत चढली, आणि तिथल्या तज्ज्ञाचं म्हणणं काय होतं, तर ती २०व्या शतकातली आहे. या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पण त्या वाचून कपाटातली फुलदाणी काढून पुसायला घेतली असेल तर जरा थांबा, कारण बाजारात आणि घराघरांत जे दिसतं त्यातलं बहुतेक नवं असतं, आणि जुनं असलंच तर १९व्या शतकाच्या शेवटाचं साधं एक्सपोर्टचं काम असतं. त्यातही सुंदर पीस मिळतात हं, फक्त काय घेतोय ते कळायला हवं.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. मी ज्या क्रमानं बघते तोच क्रम खाली दिलाय. सगळेजण आधी मार्क, म्हणजे बुडावर लिहिलेली काळाची खूण, वाचतात, मी तो सगळ्यात शेवटी वाचते, आणि तसं का ते पुढे येईलच.

१. पैसे काढायच्या आधी डोळा तयार करा

खरी फुलदाणी कशी दिसते हे माहीत नसेल तर खोटी ओळखू येणारच नाही. मोबाइलवरचे फोटो यासाठी पुरत नाहीत, कारण निळा रंग प्रत्येक स्क्रीनवर वेगळा दिसतो आणि ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराची, खोली तर फोटोत येतच नाही.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांमधून आलेल्या चिनी-जपानी वस्तू तिथे आहेत. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्येही चिनी पोर्सिलेन भरपूर आहे. गोव्यात चांदोरच्या मेनेझेस ब्रागांझा घरासारख्या जुन्या वाड्यांमध्ये पोर्तुगीज व्यापारातून आलेली चिनी भांडी अजून बघायला मिळतात, आणि ही भांडी घरात वापरात कशी दिसायची याचा अंदाज तिथे जितका येतो तितका काचेच्या पेटीसमोर उभं राहून येत नाही.

आणि लंडनला राहणाऱ्यांनी किंवा फिरायला जाणाऱ्यांनी ब्रिटिश म्युझियमची ९५ नंबरची खोली अजिबात चुकवू नका. तिथे सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा १७०० च्या आसपास वस्तूंचा संग्रह आहे. हे गृहस्थ आपल्या मुंबईचे, जन्म १८९२ चा, वडील सर ससून डेव्हिड म्हणजे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या संग्रहातली हत्तीच्या तोंडाच्या कानांची फुलदाण्यांची जोडी सगळ्या निळ्या-पांढऱ्याचा आधार मानली जाते. दोन्हींच्या मानेवर लेख आहे, कोणत्या देवळाला वाहिल्या, कुणी वाहिल्या, आणि वर्ष, जे आपल्या हिशोबानं १३५१ येतं. ही जोडी अभ्यासकांसमोर येण्याआधी युआन राजवंशाच्या काळात (१३व्या-१४व्या शतकात) इतकं पक्क्या हाताचं निळं-पांढरं काम होत होतं हे मानायलाच कुणी तयार नव्हतं. पुढे १९५० च्या दशकात जॉन पोप या अभ्यासकानं याच जोडीशी ताडून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्यातली भांडी काळानुसार लावली, आणि १४व्या शतकातलं काम वेगळं काढता आलं. त्या जोडीसमोर पाच मिनिटं नाही, अर्धा तास उभे राहा. नक्षीचे पट्टे मोजा, ड्रॅगनची नखं बघा, निळा रंग कुठे दाटलाय ते बघा.

२. सोबत काय न्यायचं

- दहा पट मोठं दाखवणारं ज्वेलरचं भिंग
- छोटा पण जोरदार टॉर्च, जो फुलदाणीच्या तोंडातून आत धरता येईल
- ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, दुरुस्ती पकडायला
- मोजायची टेप आणि साधा वजनकाटा
- मऊ टॉवेल, टेबलावर अंथरायला
- मोबाइल, बुडाचे, आतले आणि कडांचे फोटो काढायला

हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधी काढून ठेवा. फुलदाणी मानेनं किंवा कानांना धरून कधीच उचलायची नाही, एक हात बुडाखाली आणि दुसरा अंगाला. झाकण असेल तर ते आधी वेगळं काढायचं. आणि दुसऱ्याच्या हातातून हातात घ्यायची नाही, त्यानं टेबलावर ठेवली की मग आपण उचलायची, म्हणजे पडली तर कुणाच्या हातून पडली हा वादच नको.

३. बूड बघा, आणि पुरेसा वेळ घेऊन बघा

अर्धा निकाल इथेच लागतो. नक्षी काढणाऱ्याचा हात चांगला असेल तर बाहेरून फसवता येतं, पण बूड पूर्ण खरं वाटेल असं करणं फार अवघड आहे, म्हणून नकली माल करणारे बुडावरच जास्त मेहनत घेतात आणि तिथेच सापडतात.

जिथे ग्लेझ नसते ती बुडाची गोल कडा बघा. जिंगदेझेनचं, म्हणजे चीनमधल्या पोर्सिलेनच्या सगळ्यात मोठ्या गावाचं, पोर्सिलेन दोन गोष्टींचं असतं, एक चिनी दगडाची पूड आणि दुसरी काओलिन नावाची पांढरी माती, तिचं नाव जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग गावावरून पडलंय. साधारण १३०० अंशांच्या आसपास भाजल्यावर दोन्ही एकजीव होतात. जुन्या पीसमध्ये ही उघडी माती पांढरट असते पण डोळ्यात खुपेल अशी पांढरीशुभ्र नसते, बोटाला किंचित रेशमी लागते. युआन आणि त्यानंतरच्या मिंग राजवंशाच्या काळच्या (१४वं ते १७वं शतक) बऱ्याच पीसमध्ये ग्लेझ जिथे संपते तिथे नारिंगी-तांबूस छटा दिसते, मातीतल्या लोहामुळे भट्टीत आलेली. ही छटा ग्लेझच्या काठाशी गडद आणि पुढे विरत जाते. नकली पीसवर लोहाचं पाणी ब्रशनं लावलेलं असतं, ते सगळीकडे सारखं, रंग दिल्यासारखं दिसतं.

१६व्या-१७व्या शतकातल्या एक्सपोर्टच्या मालात कडेला भट्टीतली वाळू चिकटलेली दिसते, वानली बादशहाच्या काळच्या (१५७३ ते १६२०) बुडावर मध्यातून निघालेल्या किरणांसारख्या बारीक रेघा दिसतात, त्या चाकावर हत्यार थरथरल्यामुळे पडतात. खांगशी बादशहाच्या काळात, म्हणजे १६६२ ते १७२२, कडा खूप सफाईनं तासलेली असते, गोलसर, हाताला गुळगुळीत.

आता झीज. शंभर-दोनशे वर्षं लाकडावर, दगडावर सरकवलेल्या फुलदाणीच्या कडेवर ओरखडे असणारच, पण ते भिंगातून वेगवेगळ्या दिशांनी गेलेले दिसतात, काही खोल, काही नुसते पुसट, आणि त्यात धूळ बसलेली असते. सगळे ओरखडे एकाच दिशेचे असले तर ती सॅंडपेपरची करामत. बुडाच्या खोबणीत चहाच्या पाण्यासारखा तपकिरी डाग एकसारखा पसरलेला असेल, ओल्या कापसानं पुसला आणि कापूस रंगला, तर विषय संपला.

एक ट्रॅप फार जणांना माहीत नाही म्हणून सांगते. तुटलेल्या खऱ्या जुन्या भांड्याचं बूड, मार्कसकट, नव्या अंगाला जोडून विकतात. बूड शंभर टक्के खरं, वरचं सगळं नवं. म्हणून बूड पास झालं की लगेच खूष होऊ नका, बूड आणि अंग जिथे मिळतं तो भाग आतून-बाहेरून टॉर्च धरून बघा, तिथे मातीचा रंग किंवा ग्लेझची छटा अचानक बदलत असेल तर पीस खाली ठेवा.

४. आत हात घाला

मोठ्या फुलदाण्या एका दमात चाकावर होत नाहीत. पोट दोन-तीन भागांत, मान वेगळी, असं करून पातळ मातीच्या लगद्यानं जोडतात. बाहेरून सांधे घासून मिटवतात, आतून तितकी मेहनत कुणी घेत नाही. त्यामुळे आत हात फिरवला की आडवी गोल धार लागते, पोटाच्या मध्यावर आणि मानेच्या मुळाशी. युआन-मिंगच्या मोठ्या पीसमध्ये ही बाहेरूनही जाणवते, १८व्या शतकात काम सफाईदार झालं.

उलट आतून सगळं गुळगुळीत, भिंत सगळीकडे सारख्याच जाडीची, आणि बाहेर उभी शिवण असल्यासारखी पुसट रेघ, असं असेल तर ते साच्यात पातळ माती ओतून केलेलं आहे आणि ते २०व्या शतकातलं काम आहे. पण उलट बाजूनं धरू नका हं, सांधा सापडला म्हणजे पीस जुना असं नाही, जिंगदेझेनला आजही उत्तम कारागीर हातानं भाग जोडून फुलदाण्या करतात. सांधा नसणं संशयाचं, सांधा असणं फक्त पुढे बघायची परवानगी.

आणि हो, वाजवून बघा. मडकं घेताना वाजवतो तसंच, नखानं हलकी टिचकी कडेला. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्याला दिसत नसला तरी.

दुकानदार आत हात घालू देत नसेल, उलटी करू देत नसेल, तर मी त्याच्याशी वाद घालत नाही आणि तो पीस घेतही नाही.

५. निळा रंग वाचायला शिका

माझ्या मते यातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच आहे. रंग कोबाल्ट या खनिजाचा. कच्च्या भांड्यावर ब्रशनं काढायचा, वर ग्लेझ चढवायची आणि एकदाच भाजायचं. ब्रश टेकवला तेव्हा तो काळपट-राखाडी दिसतो, निळा होतो तो भट्टीत, आणि चुकलेली रेघ पुसायची सोय नसते. म्हणून खऱ्या कामात हाताचा वेग दिसतो, ब्रश कुठे दाबला, कुठे उचलला ते कळतं.

युआन आणि मिंगच्या सुरुवातीला, म्हणजे १५व्या शतकाच्या सुरुवातीच्या योंगले आणि श्वान्दे बादशहांच्या काळात, चांगला कोबाल्ट इराणकडून यायचा. त्यात लोह जास्त, मँगनीज कमी, त्यामुळे गडद शाईसारखा निळा येतो आणि जिथे रंग दाट बसला तिथे काळपट ठिपके ग्लेझमधून वर आलेले दिसतात. टॉर्च तिरका धरला तर त्या ठिपक्यांच्या जागी पृष्ठभाग किंचित खचलेला आणि धातूसारखा मंद चमकणारा दिसतो. नंतर लोकांना हे ठिपके इतके आवडले की १८व्या शतकात छ्येनलुंगच्या काळात कारागिरांनी मुद्दाम ब्रशच्या टोकानं ठिपके देऊन ते जुनं रूप आणलं. आजचे नकली माल करणारेही तेच करतात. फरक असा की मुद्दाम दिलेले ठिपके रेघेवर ओळीनं, सारख्या अंतरावर बसतात, खरे मात्र रंग जिथे साचला तिथेच येतात.

छंगह्वा काळचा, १५व्या शतकाच्या उत्तरार्धाचा, निळा मऊ, फिकट, शांत. ज्याजिंग काळचा, १६व्या शतकाच्या मध्याचा, जांभळ्याकडे झुकणारा आणि भडक. देशी चिनी कोबाल्टमध्ये मँगनीज जास्त असतं, नीट शुद्ध केला नाही तर करडा दिसतो. खांगशी काळात शुद्ध करायची पद्धत इतकी पुढे गेली की एकाच निळ्याच्या कितीतरी छटा एका फुलदाणीवर मिळतात, लांबचे डोंगर फिकट, जवळचा खडक गडद, मधलं पाणी जेमतेम रंगाचं. खांगशीची चांगली फुलदाणी टॉर्चखाली फिरवून बघा, रंगाला खोली असते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धानंतर कारखान्यात बनलेला कोबाल्ट आला, तो तेज जांभळट आणि सपाट दिसतो.

भिंगातून नक्षीच्या कडा बघा. बारीक बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, किंवा पट्ट्यावरची वेल एका जागी तुटून पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटली, तर ती छापील आहे.

६. आकार आणि चित्र, थोडक्यात

सगळं पाठ करायची गरज नाही, चार-पाच आकार ओळखू आले तरी पुष्कळ. रुंद खांद्यांची, छोट्या तोंडाची ती मेइपिंग. खाली पेअरसारखी आणि वर उमलणाऱ्या तोंडाची ती युहूछुनपिंग. गोल गरगरीत पोट आणि सरळ उंच मान म्हणजे त्येनछ्योपिंग, फ्रान्सच्या लिलावातली हीच. भोपळ्यासारखी दुहेरी पोटाची आहे, आणि खांगशी काळची सरळ नळकांड्यासारखी रूलो.

तडकलेल्या बर्फावर प्लमची फुलं हे चित्र असलेल्या झाकणाच्या बरण्या तुम्हाला सगळीकडे दिसतील, मुंबईच्या चोर बाजारातही. हे चित्र खांगशी काळात लोकप्रिय झालं पण १९व्या शतकात याचा अक्षरशः पूर आला, त्यामुळे हे चित्र दिसलं की आधी उशिराचा काळ धरा आणि मग पुरावे सापडले तर मागे जा.

आकार एका काळाचा, चित्र दुसऱ्या काळाचं आणि मार्क तिसऱ्याच काळाचा असं मिळालं तर तो पीस उत्तरं देत नाहीये हे समजा.

७. आता मार्क

मार्क बहुतेक वेळा सहा अक्षरांचा, दोन उभ्या ओळींत. उजवी ओळ आधी, वरून खाली, मग डावी. पहिली दोन अक्षरं राजवंश, म्हणजे दा मिंग किंवा दा छिंग (मिंगनंतरचं राजघराणं), पुढची दोन बादशहाच्या कारकिर्दीचं नाव, शेवटची दोन "च्या काळात बनवलं". चार अक्षरांच्या मार्कमध्ये राजवंश गाळलेला असतो. चिनी वाचता येत नसलं तरी चालतं, मोबाइलमधला फोटो तक्त्याशी ताडता येतो.

पण वाचता आलं म्हणजे काळ कळला असं नाही, आणि नवखे इथेच सगळ्यात जास्त पैसे घालवतात. चिनी कारागीर जुन्या बादशहाचा मार्क सर्रास घालायचे, बऱ्याचदा फसवण्यासाठी नाही तर जुन्या कामाला मान म्हणून. खांगशी काळातल्या कितीतरी फुलदाण्यांवर दोनशे वर्षं आधीच्या छंगह्वाचा मार्क असतो. १६७७ मध्ये तर जिंगदेझेनच्या अधिकाऱ्यानं भांड्यांवर चालू बादशहाचं नाव घालायला बंदी केली, म्हणून त्या काळच्या चांगल्या एक्सपोर्ट पीसवर नुसती दोन वर्तुळं किंवा पान, फूल असं काहीतरी चिन्ह सापडतं. याउलट चार अक्षरी खांगशी मार्क असलेल्या बरण्या बहुतेक १९व्या शतकाच्या शेवटाच्या असतात. जपानच्या आरिता गावातही चिनी मार्क घातलेला माल बनायचा.

थोडक्यात, मार्क नसलेली फुलदाणी वाईट नाही आणि मार्क असलेली चांगली नाही.

इंग्रजी अक्षरांत "चायना" लिहिलेलं असेल तर मात्र ते कामाचं आहे. अमेरिकेच्या १८९० च्या टॅरिफ कायद्यानंतर तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागायला लागलं, त्यामुळे असा शिक्का असेल तर पीस साधारण १८९१ नंतरचा धरायचा. "मेड इन" हे शब्दही असतील तर सहसा आणखी अलीकडचा.

८. दुरुस्ती, कापाकापी आणि भोकं

जुनी फुलदाणी जशीच्या तशी मिळणं दुर्मीळ. दुरुस्ती असणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे.

यूव्ही टॉर्च अंधारात धरा, नवा राळेचा किंवा रंगाचा भाग बाकी अंगापेक्षा वेगळा चमकतो. दुरुस्त केलेली जागा हाताला थोडी कोमट, थोडी मऊ लागते, खरी ग्लेझ थंडगार असते. तोंडाची कडा बोट फिरवून तपासा, मान उंचीच्या मानानं आखूड वाटते का ते बघा. मान तुटली की तुटका भाग कापून कडा घासून गुळगुळीत करतात, आणि वर पितळेची किंवा चांदीची पट्टी बसवून ते झाकतात. पट्टी दिसली की विचारायचंच, खाली काय आहे? युरोपात गेलेल्या पुष्कळ फुलदाण्यांचे टेबल लॅम्प केले, त्यासाठी बुडाला भोक पाडलं, त्यामुळे किंमत बरीच उतरते. पण खरं सांगू का, शिकायला असे पीस उत्तम असतात. भोक पडलेली खरी खांगशी फुलदाणी मी अखंड नकलीपेक्षा कधीही आनंदानं घेईन.

टवका उडालेला असेल तर त्यातून मातीही बघून घ्या. पोर्सिलेन आत पांढरं आणि काचेसारखं दाट दिसतं. आत पिवळट, भुसभुशीत दिसलं तर ते बहुधा हॉलंडचं डेल्फ्ट, म्हणजे मातीच्या भांड्यावर पांढरी ग्लेझ.

९. कुठून घ्यायची आणि काय विचारायचं

सुरुवात मोठ्या पीसनं करू नका. बुडालेल्या जहाजांवरून काढलेल्या मालातले छोटे पीस नवख्यांसाठी चांगले, कारण त्यांचा काळ पक्का असतो. व्हिएतनामजवळ सापडलेला वुंग ताऊचा माल १६९० च्या सुमाराचा, त्याचा लिलाव १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमला झाला, त्यात छोट्या फुलदाण्या खूप होत्या. १७५२ मध्ये बुडालेल्या डच जहाजाचा, नानकिंग कार्गो म्हणून ओळखला जाणारा माल १९८६ मध्ये तिथेच विकला गेला. या प्रकारावर पुरातत्त्ववाल्यांचा आक्षेप आहे, जहाजाची नीट नोंद न करता माल उपसला म्हणून, आणि तो आक्षेप मला पटतो. पण जे पीस कित्येक वर्षांपूर्वीच बाजारात येऊन गेलेत ते लिलावाचं मूळ स्टिकर आणि जुनं बिल असेल तर घ्यायला मला अडचण वाटत नाही. स्टिकरही नकली मिळतात, म्हणून लॉट नंबर जुन्या कॅटलॉगशी ताडून बघा.

लिलावात घेणार असाल तर कंडिशन रिपोर्ट, म्हणजे तडे-दुरुस्तीची माहिती, लेखी मागा, बुडाचे आणि आतले जादा फोटो मागा. बोलीवर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलाव कंपनीचं कमिशन, लागतो, तो बऱ्याच ठिकाणी बोलीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास जातो, त्यावर टॅक्स, पॅकिंग, विमा, कुरियर, भारतात आणताना कस्टम्स. हे सगळं धरून आकडा ठरवा आणि त्याच्यापुढे हात वर करू नका. कॅटलॉगमधले शब्द नीट वाचा, "खांगशी काळची" आणि "खांगशी पद्धतीची" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नुसतं "खांगशी मार्क असलेली" लिहिलंय तर त्यानं काळाबद्दल काहीच कबूल केलेलं नाही.

डीलरला विचारा: काळ बिलावर लिहून देणार का? चुकीचा निघाला तर परत घेणार का, किती दिवसांत? दुरुस्ती कुठे कुठे आहे? तुमच्याकडे कुठून आली? चांगला डीलर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

आणि गोष्टींना पैसे देऊ नका. "पारशी घरातली आहे", "आजोबा कँटनहून घेऊन आले होते", "संस्थानिकांच्या वाड्यातली". मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा चीनशी मोठा व्यापार होता हे अगदी खरं, म्हणून तर ही गोष्ट इतकी खपते. जुना फोटो, पत्र, बिल, विम्याची यादी, काहीतरी कागद दाखवा म्हणायचं, नसेल तर पीस जेवढा आहे तेवढ्याचीच किंमत.

फार महागडी खरेदी असेल तर लॅबमधली थर्मोल्युमिनेसन्स चाचणी असते, माती शेवटची कधी भाजली ते त्यातून साधारण कळतं. पण त्यासाठी नमुना कोरून काढावा लागतो, जुन्या बुडातून नमुना घेतला तर रिपोर्ट जुन्याचाच येणार, आणि किरणोत्सर्ग देऊन चाचणीलाही फसवता येतं. रिपोर्टची झेरॉक्स दाखवून कुणी घाई करत असेल तर पाय मागे घ्या.

१०. कायदा आणि कागद

हा मुद्दा परदेशी असलेल्या मराठी मंडळींनी जरूर वाचा. भारतात अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट १९७२ लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू ही अँटिक्विटी, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू चीनमध्ये बनली म्हणून सुटका होत नाही. त्यामुळे पुण्याच्या आजीनं दिलेली फुलदाणी सुटकेसमध्ये गुंडाळून न्यू जर्सीला न्यायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. ती शंभर वर्षांच्या आतली निघाली तर तसं नॉन-अँटिक्विटी सर्टिफिकेट मिळतं आणि ते जवळ ठेवून नेता येते. एअरपोर्टवर "घरचीच आहे हो" म्हणून काम होत नाही. बाहेरून आणलेली जुनी वस्तू परत बाहेर न्यायची असेल तरी आधी विचारूनच. अँटिक्विटी विकायचा धंदा करणाऱ्याला लायसन्स लागतं, डीलरकडे ते आहे का हेही बघून घ्या.

चीनमधून घेत असाल तर १९११ च्या आधीच्या वस्तू बाहेर काढायला तिथे बंदी आहे आणि १९४९ च्या आधीच्या वस्तूंना तपासणी लागते. टुरिस्ट मार्केटमधला विक्रेता "मिंग आहे, बिनधास्त न्या" म्हणत असेल तर दोनच शक्यता, खोटी आहे किंवा बेकायदा आहे.

फाइलमध्ये हे ठेवा:

- काळ, माप, दुरुस्ती लिहिलेलं सही-शिक्क्याचं बिल
- कंडिशन रिपोर्ट आणि खरेदीच्या वेळचे फोटो
- आधीच्या मालकीचे कागद, कॅटलॉगचं पान, जुनी स्टिकरं
- बाहेरून आणली असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) आणि ड्युटी भरल्याची पावती. शंभर वर्षांवरच्या वस्तूंसाठी कस्टम्सचं वेगळं हेडिंग आहे, ९७०६, ते लावायला वयाचा पुरावा लागतो
- विम्याची पॉलिसी

बुडावर चिकटलेली जुनी स्टिकरं कितीही कळकट दिसली तरी काढू नका, ती कागदपत्रंच आहेत.

११. घरी आल्यावर

प्लास्टिकच्या टबात खाली टॉवेल घालून कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण, एवढंच. डिशवॉशर नाही, ब्लीच नाही, तारेची घासणी तर नावही नको. दुरुस्ती असेल तर पाण्यात बुडवू नका, ओल्या कापसानं पुसा. ताजी फुलं आणि पाणी जुन्या फुलदाणीत घालू नका, तडा असेल तर डाग आत उतरतो आणि मग निघत नाही. शेल्फवर ठेवताना बुडाखाली म्युझियम वॅक्सचे, म्हणजे वस्तू जागेवर धरून ठेवणाऱ्या मऊ मेणाचे, चार ठिपके लावा. मांजर, लहान मुलं आणि पंखा पुसणारा माणूस, तिघांच्या वाटेतून लांब ठेवा.

पाठवायची झाली तर दोन खोके, एकात एक, मध्ये चारी बाजूंनी निदान चार बोटं गादी. मानेत कागद ठासून भरू नका, आतून दाब आला की मान मुळाशी तडकते.